राजपूरकर गुरुजींच्या गावी

निपाणीहून राजपुरीस जावयाचे तर सरळ वाट नाही. कोल्हापूर, पुणे, ताम्हिणीचा घाट, माणगाव, म्हसळे आणि मग दिघीची खाडी फेरीबोटीने ओलांडून पलीकडे आगरदांडा, असा हा लांबचा वळसा आहे. राजपुरीस जाणारे बहुतेक प्रवासी जंजिऱ्यासाठी जातात. किल्ला पाहतात, तोफेवर हात ठेवून छायाचित्र काढवितात आणि मुरुडच्या वाळूत सूर्यास्त पाहून परत फिरतात. आम्ही गेल्या दिवाळीच्या सुटीत सपत्नीक तेथे गेलो ते एका आडनावाच्या ओढीने. जोसेफ एझिकेल राजपूरकर हे धर्माने यहुदी, विद्येने हिब्रूचे पंडित, लेखणीने मराठी आणि व्यवसायाने मुख्याध्यापक होते. सीमाभागातील एका सरकारी मराठी शाळेत आम्हीही तेच काम करतो. तेव्हा आमचा ओढा ह्या शेवटच्या गुणामुळे अधिक होता, हे वाचकांपासून लपविण्यात अर्थ नाही.

राजपूरकरांचा समाज बेने इस्राएलांचा. बडोदे, इंदूर, हैदराबाद, तंजावर येथील आमच्या वाचकांपैकी अनेकांनी ह्या समाजाची माणसे पाहिलीही नसतील. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फार प्राचीन काळी एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांचा वंश कुलाब्याच्या गावोगावी पसरला, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणत. किहीमचे ते किहीमकर, दिव्याचे ते दिवेकर, अष्टमीचे ते अष्टमकर, राजपुरीचे ते राजपूरकर. घरात मराठी, अंगावर आपल्यासारखीच लुगडी, ताटात नारळीभात. देवळाला ते आजही बोलताना 'मशीद' म्हणतात.

ह्या समाजाजवळ धर्म होता पण धर्मग्रंथ राहिला नव्हता. हिब्रू भाषा शतकांच्या ओघात विसरली गेली. 'शेमा' ही एक प्रार्थना तेवढी ओठांवर राहिली. सण मात्र पाळले जात आणि त्यांना नावे पडली होती ती अस्सल कोकणी घरातली. वर्षारंभ तो 'नव्याचा सण'. प्रायश्चित्ताचा मोठा उपवास, ज्या दिवशी घराबाहेर पडावयाचे नाही, तो 'दारफाळणीचा सण'. यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाबद्दल जगभरचे यहुदी जो शोकदिन पाळतात तो 'बिरड्याचा रोजा', कारण उपवास सोडताना वालाचे बिरडे असे. आम्हांस हे नाव फार आवडले. दोन हजार वर्षांपूर्वीचे दुःख आणि कुलाब्याचे वाल एका शब्दात बसले आहेत.

प्रवासाचा आरंभ खरे म्हणजे बेळगावात झाला. कॅम्पातील जुन्या झाडांखालून, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या हद्दीवरून जाताना आम्हांस नेहमी बाबा पदमनजींची आठवण होते. 'यमुनापर्यटन' ह्या १८५७ च्या कादंबरीचे हे कर्ते १८३१ साली बेळगावात जन्मले, येथल्या मिशनशाळेत शिकले, पुढे मुंबईस गेले आणि १८५४ साली ह्याच गावी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मुंबईत ते ज्या शाळेत होते ती डॉ. जॉन विल्सन ह्या स्कॉटिश मिशनऱ्यांची संस्था. त्याच संस्थेत त्याच सुमाराची आणखी एक मराठी बुद्धी घडत होती. ती राजपूरकरांची. त्यांचा जन्म १८३४ चा, मुंबईतला. एम. ए. ला आम्ही पदमनजींवर पंधरा गुणांचे उत्तर लिहिले. राजपूरकरांचे नाव त्या अभ्यासक्रमात कोठेच नव्हते.

विल्सनसाहेब १८२९ साली मुंबईस आले. बेने इस्राएलांच्या मुलांस हिब्रू शिकवावी म्हणून त्यांनी १८३२ साली हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून छापली. हेतू उघड होता; जुना करार मूळ भाषेत वाचू लागले की ही मंडळी नव्या कराराकडे वळतील अशी आशा होती. मुले हिब्रू शिकली. नव्या कराराकडे मात्र फारच थोडी वळली. बाकीची आपल्याच मशिदीत परत जाऊन, आजवर नुसत्या ऐकलेल्या प्रार्थनांचा अर्थ लावू लागली. शिक्षकाने एका हेतूने धडा द्यावा आणि विद्यार्थ्याने तो दुसऱ्याच कामी लावावा, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत, आणि त्यात वाईट काही नाही.

मिशनऱ्यांखेरीज दुसरी मदत आली ती कोचीहून. तेथील यहुद्यांत हिब्रूची परंपरा अखंड होती. सतराव्या शतकाच्या आरंभी निवर्तलेले नेहेमिया मोटा हे तेथले हिब्रू कवी. त्यांची स्तोत्रे कोचीच्या प्रार्थनांत गायिली जात आणि मट्टानचेरीतील त्यांच्या कबरीवर सर्व धर्मांची माणसे दिवा लावतात. कोचीचे काही गुरू १८२६ च्या सुमारास कोकणात आले आणि त्यांनी गावोगावी प्रार्थनेचे पाठ दिले. पाठ झाले, अर्थ राहिला. राजपूरकरांनी पुढे जे केले ते ह्या उरलेल्या अर्ध्या कामासाठी.

पुण्यास एक दिवस मुक्काम केला तो लाल देऊळ पाहावे म्हणून. तांबड्या विटांचे, उंच मनोऱ्याचे हे सिनेगॉग १८६७ साली पुरे झाले. ते बांधविणारे डेव्हिड ससून त्यापूर्वीच १८६४ साली पुण्यात वारले. त्यांची समाधी ह्याच आवारात आहे. ससून हे बगदादचे. मुंबईत येऊन कापसाच्या व अफूच्या व्यापारात त्यांनी अलोट संपत्ती मिळविली आणि बरीचशी दानधर्मात घातली. बगदादी यहुद्यांची घरची भाषा अरबी, पोशाख निराळा, व्यवहार युरोपियनांशी. कोकणातल्या ह्या मराठी भाऊबंदांस ते धर्माने आपले म्हणत, तरी पंगतीस व सोयरिकीस अंतर ठेवीत. हे लक्षात घेतले म्हणजे पुढच्या घटनेचे मोल कळते. ससूनांनी आपल्या समाजाच्या मुलांसाठी मुंबईत जी धर्मादाय शाळा काढली तीत १८५६ साली शिक्षक म्हणून लागले राजपूरकर, आणि पाच वर्षांनी तिचे मुख्याध्यापक झाले तेही राजपूरकरच. वय अवघे सत्तावीस. पुढे सुमारे चाळीस वर्षे ते त्या खुर्चीवर होते. ज्यांच्या पंगतीत बेने इस्राएलास पान मिळत नव्हते त्यांच्या मुलांना हिब्रू एका बेने इस्राएलाने शिकविली. मुंबई विद्यापीठानेही त्यांस हिब्रूचे परीक्षक नेमले. १९०५ साली ते निवर्तले.

ह्या चाळीस वर्षांत शाळा सुटल्यावर त्यांनी जे लिहिले ते मुख्यत्वे भाषांतर. नित्याची प्रार्थना, सणांच्या व उपवासाच्या दिवसांच्या प्रार्थना, असे एकेक पुस्तक ते हिब्रूतून मराठीत आणीत गेले. वर्षभरात सिनेगॉगमध्ये जे जे म्हटले जाते त्यातले बहुतेक त्यांच्या हातून मराठी झाले.

काम वरवर वाटते तितके सोपे नव्हे. हिब्रूत बावीस अक्षरे, तीही व्यंजनेच. स्वर लिहावयाचे ते अक्षरांच्या खालीवर ठिपके व रेघा देऊन. लिपी उजवीकडून डावीकडे. धातू तीन व्यंजनांचा, त्यातून शब्दांचे कुळ निघते. आपण अरबीतून घेतलेल्या 'किताब' शब्दात जी क, त, ब ही तीन व्यंजने आहेत तीच हिब्रूतही 'लिहिणे' ह्या अर्थाची आहेत. 'सलाम' आणि 'शालोम' ही तर सख्खी भावंडे. हिब्रूत लिंगे दोनच, मराठीत तीन. 'तू' म्हणताना हिब्रूत पुरुषाला एक शब्द आणि स्त्रीला दुसरा. आपल्या 'तू'ला तो भेद नाही, पण 'तू', 'तुम्ही', 'आपण' ही मराठीची शिडी हिब्रूत नाही. देवाला कोणत्या पायरीवरून हाक मारावी, हा प्रश्न मराठी भाषांतरकारापुढे उभा राहतोच. संतांनी विठोबाला अरेतुरे करून ती वाट आधीच मोकळी केली होती, हे एक बरे. त्यात पुन्हा छपाईची अडचण: एकाच पुस्तकात एक भाषा उजवीकडून चालते आणि दुसरी डावीकडून, तेव्हा पान जुळवावे कसे? आरंभीची काही पुस्तके म्हणूनच शिळाछापावर निघाली. पुण्यात १८७४ साली विठ्ठल सखाराम अग्निहोत्री ह्यांच्या छापखान्यात तळकर मंडळींनी वल्हांडण सणाची हिब्रू-मराठी पोथी छापविली. तिच्या चित्रांत सणाच्या बिनखमिराच्या भाकरी करीत आहेत त्या जमिनीवर बसलेल्या, लुगडी नेसलेल्या बायका. एका अग्निहोत्र्याच्या छापखान्यातून यहुद्यांचे धर्मपुस्तक बाहेर पडले, आणि त्यात कोणास काही वावगे वाटल्याचे दिसत नाही.

त्याच काळी तिकडे लिथुआनियातील कोव्नो गावी, यहुदी मुलांच्या सरकारी शाळेत शिकविणारे अब्राहाम मापू नावाचे एक गुरुजी हिब्रूतली पहिली कादंबरी लिहीत होते. 'सियोनप्रेम' अशा अर्थाच्या नावाची ती कादंबरी १८५३ साली निघाली. मापूंचे नाव आज हिब्रू साहित्याच्या प्रत्येक इतिहासात पहिल्या पानावर असते, आणि ते योग्यच आहे. पोथीतल्या भाषेला त्यांनी गोष्ट सांगावयास लावले. राजपूरकरांनी गोष्ट सांगितली नाही. त्यांनी हिब्रू न येणाऱ्या माणसाला आपण देवाशी काय बोलतो आहोत हे कळविले. साहित्याचा इतिहास अशा कामाला सहसा जागा देत नाही. आमच्या मते ही इतिहासाची उणीव आहे. पण आम्ही स्वतः मुख्याध्यापक असल्यामुळे आमचे मत थोडे पक्षपाती समजावे.

राजपुरी गाव लहान. खाडीच्या मुखाशी कोळ्यांची घरे, वाळत घातलेली मासळी, धक्क्याला लागलेल्या शिडाच्या होड्या आणि समोर पाण्यात जंजिरा. सिद्दींचे हे राज्य १९४८ पर्यंत टिकले. धक्क्यावर एका वयस्क तांडेलाला आम्ही विचारले, "इथं राजपूरकरांचं घर कोणतं?" तो हसला. "गुरुजी, इथनं मुंबईला गेला तो राजपूरकर. इथं राहतो त्याला कोण राजपूरकर म्हणणार?" ह्यावर आम्हांपाशी उत्तर नव्हते. निपाणकर आडनावाची माणसे आम्हांस पुण्यात भेटली आहेत, निपाणीत नाहीत.

तथापि ह्या आडनावाला त्या समाजात एक जुना मान आहे. दाविद राहाबी नावाच्या पुरुषाने कोकणात येऊन ह्या विस्मृत यहुद्यांस ओळखले, त्यांस धर्माचे पाठ दिले आणि तीन घराण्यांकडे काजीपण सोपविले, अशी कथा आहे. ती घराणी झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर. काजीने लग्ने लावावयाची, तंटे मिटवावयाचे, धर्माची आठवण ठेवावयाची. आमचे गुरुजी त्या घराण्यात शोभले असे म्हणावयास हरकत नाही.

राजपुरीहून किनाऱ्याकिनाऱ्याने अलिबागेस आलो. तेथील इस्राएल आळीत 'मागेन अबोथ' सिनेगॉग आहे. मूळ स्थापना १८४८ ची, सध्याची इमारत १९१० ची. देखरेख करणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी "या गुरुजी, बसा" म्हणून खुर्ची दिली आणि सौभाग्यवतींस पाणी आणून दिले. आम्ही कशासाठी आलो ते सांगितल्यावर त्यांनी कपाटातून कापडात बांधलेले एक पुस्तक काढले. मुखपृष्ठ गेलेले, कडा कुरतडलेल्या. उजव्या बाजूस हिब्रू, डाव्या बाजूस जुन्या वळणाचे मराठी. अशी पुस्तके आता थोडी का, ह्याचे कारणही त्यांनी सांगितले. देवाचे नाव असलेला कागद यहुदी माणूस टाकीत नाही की जाळीत नाही. पुस्तक अगदी जीर्ण झाले की ते दफनभूमीत पुरतात. आपण जुनी पोथी नदीत सोडतो तसेच. म्हणजे जे पुस्तक जास्त वाचले गेले तेच आधी मातीत गेले.

त्या दिवशी तेथे अश्दोदहून एक कुटुंब आले होते. बेने इस्राएलांपैकी बहुतेक १९४८ नंतर इस्राएलास गेले; त्या सुमारास त्यांची संख्या वीस हजारांच्या घरात होती, आज भारतात चार-पाच हजार असतील. तेथेही त्यांची वाट सरळ नव्हती. १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने ह्या लोकांच्या विवाहसंबंधाबाबत शंका काढली. मोर्चे निघाले, धरणे झाली आणि १९६४ साली इस्राएलच्या संसदेने हे इतरांसारखेच पूर्ण यहुदी आहेत असे ठरवून टाकले. बगदाद्यांनी मुंबईत ठेवलेले अंतर असे शंभर वर्षांनी पुन्हा निघाले होते. त्या कुटुंबातली दहा-बारा वर्षांची मुलगी त्या वृद्ध गृहस्थांची दूरची नात लागत होती. त्यांनी पुस्तक तिच्यापुढे धरले. उजवीकडचे पान तिने एका दमात वाचले, जशी आमची मुले बालभारती वाचतात तसे. मग तिचे बोट डाव्या पानावर आले आणि थांबले. "आजोबा, हे काय आहे?" हे तिने विचारले मराठीतच.

वृद्ध गृहस्थ आम्हांस म्हणाले, "माझी आजी डावीकडचं वाचायची, तिला उजवीकडचं येत नव्हतं. ही उजवीकडचं वाचते. मी दोन्हीकडे अडखळतो."

मग त्यांनी डावे पान तिला वाचून दाखविले. हळूहळू, बोट ठेवून. दोन शब्दांपाशी ते अडले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले आणि आम्ही ते जुने शब्द सांगितले. मुलगी ऐकत होती आणि मधूनमधून हिब्रू ओळीवर बोट ठेवून "म्हणजे हे?" असे विचारीत होती. राजपूरकरांनी हिब्रू न येणाऱ्यांसाठी केलेले भाषांतर मराठी न येणारी मुलगी उलट्या बाजूने वाचीत होती. पुस्तक दोन्ही कामास पुरे पडले.

सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. आमची नात बंगळूरला असते. ती मराठी छान बोलते, कन्नड आणि इंग्रजी वाचते, आणि आमच्या पत्रातली अक्षरे तिला तिची आई वाचून दाखविते. सीमाभागात हे नवे नाही. येथे मूल घरी एका भाषेत जेवण मागते, कचेरीत दुसऱ्या भाषेत अर्ज करते आणि नोकरीच्या मुलाखतीस तिसरी घेऊन जाते. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द मराठीने कन्नडकडून घेतले तेव्हा कोणी पावती मागितली नव्हती. प्रश्न शब्दांचा नाही, पानाचा आहे. बोललेली भाषा एक पिढी आणखी टिकते; पुढच्या पिढीला पान उघडून द्यावे लागते, आणि शेजारी तिला येणारी भाषा ठेवावी लागते. परत आल्यावर नातीसाठी आम्ही एक वही घेतली आहे. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कन्नड. आमच्या शाळेतील कन्नडच्या बाईंनी उजवे पान तपासून देण्याचे कबूल केले आहे. आजवर अकरा पाने झाली.

मांडव्याहून लाँचने मुंबईस आलो आणि मस्जिद स्थानकाजवळची सॅम्युएल स्ट्रीट शोधली. येथील 'शआर हारहमीम', लोकांच्या बोलण्यात 'जुनी मशीद', हे बेने इस्राएलांचे मुंबईतले पहिले प्रार्थनास्थान, १७९६ चे. स्थानकाला मस्जिद हे नाव ह्याच वास्तूवरून पडले असे सांगतात. बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या फौजेत अंमलदार होते. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले आणि सुटून आल्यावर त्यांनी हे बांधले. आमच्या कर्नाटकातल्या तुरुंगाचा मराठी यहुद्यांच्या पहिल्या मशिदीशी असा संबंध आहे. भायखळ्यास ससूनांचे फिकट निळ्या रंगाचे 'मागेन दाविद' आहे. त्याच्या आवारात ससून घराण्याच्या नावाच्या शाळा अजून भरतात. विद्यार्थी आता बहुतांशी मुसलमान. मधली सुटी झाली होती आणि पोरे मनोऱ्याच्या सावलीत क्रिकेट खेळत होती.

ज्या वाचकांस हा प्रवास करावयाचा असेल त्यांनी पावसाळा टाळावा. जंजिऱ्याच्या होड्या तेव्हा बंद असतात आणि मांडव्याच्या लाँचही बहुधा नसतात. सिनेगॉग शनिवारी पाहावयास जाऊ नये, तो त्यांचा विश्रांतीचा दिवस. इतर दिवशी आधी विचारून जावे, पुरुषांनी डोक्यावर टोपी किंवा रुमाल घ्यावा. अलिबागेस गेल्यास नवगावचे स्मारक अवश्य पाहावे, रिक्षा जाते. आणि जुने मराठी वाचता येत असेल तर थोडा वेळ हाताशी ठेवून जावे.